राणीची दाढी

उमाकांत गेला तेव्हा त्याला खांदा द्यायला माणसं जमेनात. भातकापणी उरकली होती, माणसं घरीच होती. ज्याचं नाटक बघायला शेजारच्या गावांतून माणसं चालत यायची, त्याच्या मयताला वाडीतली माणसं अंगणाच्या कडेपर्यंत आली, तिथूनच हात जोडले आणि परत फिरली. तो काविळीने गेला. पण माणसं काविळीला भीत नव्हती. त्यांच्या मनात दुसराच रोग होता आणि तो उमाकांतला कधी झालाच नव्हता.

हे पक्कं ठाऊक असलेला माणूस, तो गेल्यावर, मी एकटाच उरलो. काही दिवसांनी त्याची मुलगी माझ्याकडे आली. पडवीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तात्यानू, माझ्या बाबांका खरा काय झाला होता?" मी तिला सगळं सांगितलं. तिने एकदाही मधे अडवलं नाही. उठताना एवढंच म्हणाली, "ह्या माका एकटीक सांगून काय उपेग? लोकांका सांगा."

म्हणून हे लिहितो आहे.

दशावतारी नाटकात बायकांची कामं पुरुषच करतात, हे आमच्या सिंधुदुर्गात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. आमच्या कंपनीत राणी उमाकांत करायचा आणि राजा मी. मी तालुक्याच्या गावी कचेरीत कारकून होतो. नोकरीत असताना रजा टाकून अधूनमधून कामं केली आणि निवृत्त झाल्यावर जत्रांच्या हंगामात कंपनीच्या टेम्पोतच राहू लागलो. उमाकांत माझ्याहून बराच लहान, चाळिशीतला. पावसाळ्यात शेती करायचा. तुळशीचं लग्न झालं की टेम्पोत बसायचा, तो मे महिन्यात घरी उतरायचा.

दिसायला तो बाईसारखा मुळीच नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांचा समज तसा होता. नांगर धरून रुंद झालेले खांदे, जाड मनगटं, आणि दाढी अशी की सकाळी केली तर दिवस कलताना गालावर हिरवी सावली. चालणं, बोलणं, बिडी ओढणं, सगळं चारचौघा शेतकऱ्यांसारखं. कुणी हौसेने बाईच्या आवाजात बोलून दाखव म्हटलं तर सांगायचा, लुगडं नेसल्याशिवाय तो आवाज येत नाही, आणि लुगडं टेम्पोत आहे. जत्रेतल्या चहाच्या टपरीवर टवाळ पोरं हटकून बसलेली असत. त्यांतल्या एकाने एकदा विचारलं, "गो उमाबाय, घो खंय तुझो?" उमाकांतने बशीतला चहा संपवला. बाकावरच्या प्रत्येकाकडे नीट निरखून पाहिलं. मग म्हणाला, "तोच सोदूक तुमच्या गावात इललंय. पण हंय एकव बरो दिसना नाय." टपरीवाला असा हसला की चुलीवरचं दूध उतू गेलं.

हे झालं तोंडाने. मनातून मात्र त्याला त्या हिरव्या सावलीची धास्ती होती. पूर्वी पेट्रोमॅक्सच्या उजेडात चालून जायचं. आता मोठे दिवे आले, पुढच्या रांगेतले लोक मोबाईल वर धरून बसतात. पांढऱ्या रंगाखालून दाढीचा एक ठिपका जरी वर आला तरी राणी संपली, असं तो म्हणायचा. त्यामुळे दुपार कलली की बाकीचे पत्ते खेळत किंवा घोरत पडत तेव्हा उमाकांत ज्या घरी आमचं जेवण असेल तिथल्या बाईकडून तांब्याभर ऊन पाणी मागून आणायचा आणि देवळाच्या विहिरीवर जायचा. एखाद्या झाडाच्या खिळ्याला आरसा अडकवायचा. घासून गुळगुळीत केलेली एक करवंटी त्याच्यापाशी होती, तिच्यात साबणाचा फेस करायचा. फेस गालाला चोपडून स्वस्थ बसून राहायचा. केस भिजल्याशिवाय हात लावायचा नाही. दाढी चालू असताना त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. मालकांनी हाक मारली तरी तो ओ देत नसे.

त्याचा रेझर आडवं दुधारी पातं बसवायचा होता. म्हापशाच्या बाजारात जुन्या सामानात मिळालेला, जड, पातं चांगलं बाहेर डोकावणारा. दाढी झाली की पातं काढून धुवायचा, पुसायचा, रेझर कोरडा करायचा आणि चोळीच्या एका जुन्या तुकड्यात गुंडाळून डबीत ठेवायचा. त्या डबीला दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपत नसे. एकदा कंपनीतल्या एका पोराने गंमत म्हणून ती लपवली, तर हा माणूस रागावला नाही, ओरडला नाही. टेम्पोच्या चाकापाशी बसून राहिला. राणी रंगायला बसेना म्हटल्यावर पोराची पाचावर धारण बसली आणि डबी आपोआप परत आली.

आणि मी? मी साठी उलटेपर्यंत स्वतःच्या हाताने दाढी केलेली नव्हती. कचेरीशेजारच्या सलूनमध्ये एक दिवसाआड जायचो, पेपर वाचत मान मागे टाकायचो. टेम्पोतल्या आयुष्यात सलून कुठलं? प्लास्टिकचे फेकून द्यायचे रेझर वापरून पाहिले, तर मानेवर पुरळ उठलं. शेवटी फोंडाघाटाला मुक्काम असताना उमाकांत म्हणाला, चला, तुमका रेझर बघूया.

मुलीचं स्थळ बघायला निघावं तसा तो निघाला. बाजारातल्या कटलरीच्या दुकानात त्याने मालकाला डबे काढायला लावले. माझा हात सोनेरी मुलाम्याच्या रेझरवर गेला. मूठ फिरवली की त्याच्या माथ्याची दोन दारं उघडत आणि मधे पातं ठेवता येई. मला ते फार आवडलं. उमाकांतने दारं दोनदा उघडली, मिटली आणि तो बाजूला ठेवला. "दारां उघडतत, दारां बिघडतत. तुमका हो नको." दुसरा होता तो फणीसारख्या दात्यांचा. तो त्याने हातातही घेतला नाही. चार दिवसांची वाढलेली दाढी काढायची तर तो बरा, रोज करणाऱ्याने, आणि त्यातून नवशिक्याने, त्याच्या वाटेला जाऊ नये. तिसरा अगदी साधा, तीन तुकड्यांचा, आखूड मुठीचा. उमाकांतने त्यात पातं बसवलं, दाराशी उजेडात जाऊन एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मला बोलावलं.

"पाता दांडीच्या भायर कितक्या दिसता बघा. दिसता-नाय दिसता इतक्याच होया. जितक्या पाता भायर, तितक्या रगात भायर."

मग त्याने माझा उजवा हात उलटा करून पाहिला. मधल्या बोटावर पेनचा घट्टा आहे माझ्या, अजून आहे. त्यावर बोट ठेवून म्हणाला, तात्यानू, तुमी सगळो जन्म दाबून लिवलास. रेझर दाबूचो नाय. म्हणून वजनदार घ्यायचा, म्हणजे तो आपल्या वजनाने खाली येतो, हाताने फक्त वाट दाखवायची. मूठ खवल्यांची हवी, नाहीतर साबणाने सटकते. पाती एकदम शेकड्याने घ्यायची नाहीत, दोनतीन तऱ्हेची थोडी थोडी घ्यायची, आपल्या कातडीला कुठलं सोसतं ते तिलाच ठरवू द्यायचं.

दुकानदार कंटाळला होता. "काय ओ, रेझराचा लगीन जमवतास काय?"

"लगीन मोडता येता," उमाकांत म्हणाला. "हो रोज तोंडार फिरतलो."

टेम्पोकडे परतताना त्याने मला बाकीचे नियम सांगितले. पहिला महिनाभर एकच फेरा, वरून खाली. उलटा हात मारायचा नाही, गाल कितीही खरखरीत राहिला तरी. शेवटी तुरटी. आणि टेम्पोची पायरी चढता चढता म्हणाला, आपला रेझर कुणाला द्यायचा नाही, कुणाचा घ्यायचा नाही, सख्खा भाऊ असला तरी.

मला त्याच्याइतका धीर नव्हता. राजाची दाढीमिशी डिंकाने चिकटवावी लागते आणि खुंट राहिलेल्या कातडीवर डिंक धरत नाही. माझ्या त्या सौम्य रेझरने हनुवटीखाली आणि ओठावर खुंट राहायचेच. उमाकांत म्हणायचा, हात शिकतलो, थांबा. पण एका जत्रेत लढाईच्या प्रवेशात माझी अर्धी मिशी सुटून ओठावर लोंबायला लागली. माणसं हसायला लागली. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, सुचेल ते बोलायचं असतं, आणि मला काही सुचेना. तेवढ्यात राणी पुढे आली, माझ्या तोंडावर पदर धरला आणि शत्रूकडे वळून म्हणाली, "मिशीला हात घालून राज्य मिळत नाही, पाप्या. हा मुकुट घेऊन दाखव." टाळ्या पडल्या. पदराआड मी मिशी पूर्ण काढून टाकली आणि तसाच लढलो. त्या दिवशी त्याने माझी लाज राखली, आणि त्यानंतर त्याने तो विषय एकदाही काढला नाही. मी मात्र आतल्या आत खजील झालो होतो.

पुढच्या मुक्कामावर दुपारी उमाकांत जेवून झोपला होता. मी त्याची डबी उघडली. त्याच्या रेझरने माझी दाढी केली. त्याने सांगितलेलं नाही तेही केलं, उलटा हात मारला. जबड्याखाली एकदोन ठिकाणी रक्त आलं, पण कातडी लोण्यासारखी झाली. रेझर धुतला, पुसला, चोळीच्या तुकड्यात गुंडाळला आणि होता तसा ठेवला.

त्या वेळी मला नायटा झालेला होता. कंपनीत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. राजाचा पोशाख मखमलीचा, कमरपट्टा घट्ट, आणि फाल्गुनापासून इथली हवा म्हणजे भात उकडतानाची वाफ. कमरेला आधी झाला, मग जबड्याखाली एक लालसर कडं उठलं. दाढीच्या डिंकाखाली ते झाकून जाई. मी औषधाच्या दुकानातून विचारून एक ट्यूब घेतली होती. ती लावली की खाज थांबायची.

थोड्या दिवसांत उमाकांतच्या डाव्या गालावर तसंच कडं उठलं.

रंगाची अॅलर्जी, असं सगळे म्हणाले. तोही म्हणाला. रंग बदलून पाहिला. मग एके दुपारी, मला वाटतं मला ते बघवेना म्हणून, मी माझी ट्यूब त्याच्यापुढे धरली आणि म्हणालो, ही लाव, बरं वाटेल. याला त्या वेळी मी स्वतःशी मदत म्हणत होतो.

ट्यूबने त्याला गुण आला. नुसता गुण नाही, चेहराच बदलला. त्या मलमाने कातडी उजळते, गुळगुळीत होते, हे तेव्हा आम्हा कुणाला माहीत नव्हतं. पंधरवड्यात त्याचा गाल असा झाला की रंग लावायच्या आधीच तो रंगल्यासारखा दिसे. हिरवी सावली पुसट झाली. जत्रेतल्या बायका प्रयोगानंतर त्याला बघायला रंगपटाशी येऊ लागल्या. आमचे मालक आबा खूष, म्हणाले, उमाकांता, तू वय उतरत चाललास. मग त्याने ती ट्यूब रोजच्या सामानात घेतली. आधी मलम, त्यावर रंग. कडं गेलं होतं तरीही. दुसऱ्या एका कंपनीतल्या स्त्रीपार्टीने तर नाव विचारून तीच ट्यूब आणली. बाईचं काम करणाऱ्या माणसाला चेहरा म्हणजे काय असतो ते आमच्या लोकांनाच कळेल. त्याला आयुष्यात पहिल्यांदा त्या सावलीची भीती वाटेनाशी झाली होती.

माझा नायटा मात्र परत उसळला, दुप्पट. मी कुणाला न सांगता घाट चढून कोल्हापूरला कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब बघितली आणि आधी मला झापलं. हे मलम नायट्याला वरून झाकतं आणि आतून वाढवतं, चेहऱ्याला तर कधी लावायचं नाही, कातडी कागदासारखी पातळ होते, ताबडतोब बंद करा. पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या. टॉवेल, रेझर कुणाचा वापरता का, तुमचा कुणी वापरतं का, असंही विचारलं. मी नाही म्हणालो. गोळ्यांनी महिन्याभरात अंग साफ झालं.

मी परत आलो आणि उमाकांतला काही बोललो नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं: डॉक्टरकडे का गेलो, कडं कुणाचं, त्याच्या गालावर कसं गेलं. राजाचं काम करणारा, वयाने मोठा, सगळे तात्या म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या डबीतून रेझर चोरतो, हे सांगावं लागलं असतं. हंगाम संपला की सांगू असं मी स्वतःला म्हटलं. त्याचा चेहरा तेव्हा उत्तम दिसत होता, हेही मला सोयीचं होतं.

वैशाखात तो चेहरा फुटला. आधी लाली आली, मग बारीक लाल शिरा दिसू लागल्या, मग फोड. कडी परत उठली, एकात एक, गालभर आणि कपाळावर. ऊन लागलं की आग व्हायची. रंग लावताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मलम थांबवलं तर दोन दिवसांत चेहरा सुजून लाल व्हायचा, म्हणून पुन्हा लावायचा. आणि दाढी! ज्या माणसाचा हात कधी चुकला नाही, त्याची कातडी आता पातं टेकताच फुटायची. विहिरीवर तो आरशासमोर नुसता बसून राहिलेला मी पाहिला आहे. गालावरचा फेस सुकून जायचा.

एका गावी प्रयोग चालू असताना पांढऱ्या रंगातून रक्त आणि पू वर आला. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी ती आमच्या आधी पुढच्या गावी पोचली होती. बाईचं काम करणारा माणूस, गोव्याला जाऊन येऊन असणारा, त्याच्या तोंडाला फोड म्हणजे लोकांना आणखी काय लागतं? त्याचं जेवणाचं पान थोडं लांब वाढलं जाऊ लागलं. कंपनीतल्या ज्या पोरांनी कधी रेझरचा विचार केला नव्हता त्यांनी आपापले नवे रेझर आणले.

एका दुपारी आबांनी मला आंब्याखाली बोलावलं. आबा वाईट माणूस नव्हते, कंपनी चालवायची होती त्यांना. "तात्यानू, तुमी त्येच्या बाजूक बसून रंगतास. तुमका ठावक आसतला. ह्या काय आसा त्येच्या तोंडार? खंय वायट जाग्यार जाता काय तो?"

एका वाक्याचं काम होतं. नायटा आहे, माझ्याकडून लागला, गोळ्यांनी जातो. मी म्हणालो, "माका काय म्हाईत नाय, आबा."

मागे पाण्याचा आवाज झाला. उमाकांत विहिरीवरून येत होता, हातातला पंचा पिळत थांबला होता. त्याने मला पाहिलं, आबांना पाहिलं, आणि पंचा दोरीवर नीट पसरून टेम्पोत गेला. दोन दिवसांनी आबांनी त्याला बरा होऊन ये म्हणून सांगून घरी पाठवलं. पुढच्या हंगामात राणीच्या कामाला दुसरा पोरगा होता.

उमाकांतने जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात जाऊन रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. तसं त्याने गावात सांगितलं, तर लोक म्हणाले, निघालं असतं तर सांगितलं असतं होय? याला तोडगा नव्हता. त्याच्या घरचा चहा बंद झाला. मुलीला वैभववाडीकडचं एक स्थळ आलं होतं, ते चौकशीला म्हणून आलं आणि वाडीच्या तोंडावरूनच परत गेलं. त्यानंतर त्याने शेत भावाला करायला दिलं आणि देवबागला एका नातेवाईकाकडे कामाला गेला. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. गावी परतला तो थेट काविळीच्या आजारात.

मीही त्यानंतर फार काळ नाटकात राहिलो नाही. लोकांना गुडघ्यांचं कारण सांगितलं.

उमाकांत जाण्याआधी दोन वर्षं माझा पुतण्या पुण्याहून बायकामुलांसह आला आणि सगळ्यांना देवबागला घेऊन गेला. तिथे एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. घराघरांत पर्यटकांची सोय, आणि खाडीच्या काठाला फेरी मारून आणणाऱ्या होड्या. दुपारची वेळ होती. आमची होडी भरायची होती म्हणून मी माडाच्या सावलीत उभा होतो. गुडघाभर पाण्यात एक माणूस होडीची कड धरून उभा होता आणि माणसांना हात देऊन आत चढवत होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, छातीपर्यंत दाढी. काळीपांढरी, विंचरलेली. मी त्याला ओळखलं नसतं. एक घाबरलेली बाई मागे सरत होती, तिला तो म्हणाला, "हात माझ्या खांद्यार ठेवा, बाय. खाली बघू नकात." आवाजावरून ओळखलं.

त्यानेही मला पाहिलं. होडीची कड दुसऱ्याच्या हातात देऊन वर आला. बरे आहात का विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. दाढीच्या वर गालाचा जेवढा भाग दिसत होता तो तांबडा आणि तुकतुकीत होता. उन्हाकडे पाठ करून तो उभा राहिला.

मी म्हणालो, उमाकांत, मला तुला एक सांगायचं आहे. तुझा रेझर मी...

"म्हाईत आसा," तो म्हणाला. त्याने ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. दुसऱ्या दिवशी पातं काढलं तर त्याला पांढरे केस चिकटलेले होते. कंपनीत पांढऱ्या दाढीची माणसं दोन, मी आणि म्हातारा पखवाजवाला, आणि पखवाजवाला तर दाढी करीतच नसे. नवखा माणूस आहे, मोह झाला असेल, म्हणून तो गप्प राहिला. पातं तसंच पुसून वापरलं. कडं उठलं तेव्हा त्याला समजलं.

"मग तू कुणाला बोलला का नाहीस?"

"बोलान काय करू? म्हटलंय, तात्यांका झालो तो गेलो, माजोव जातलो. तुमची मान साफ झाली होती. बाजूकच बसायचंय मी, रोज बघायचंय. ट्यूब तुमीच दिललास. तुमका गुण इलो, माका उशिरान येतलो, म्हणान लावीत रवलंय."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी जे ओझं वाहत होतो, त्यात हे नव्हतंच. माझी बरी झालेली मान रोज बघून तो ते मलम थापत राहिला होता. मी म्हणालो, "उमाकांत, मला ट्यूबने गुण नाही आला. ट्यूब मी कधीच टाकली होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी गेला."

होडीतून त्याला कुणी तरी हाक मारली, त्याने ओ दिली नाही.

"कितके दीस घेतलास?"

"महिनाभर."

"म्हयनोभर," तो म्हणाला.

मी आणखी बोलू लागलो. आबांना सांगतो, गावात येऊन सांगतो, असं काहीबाही. त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. त्याने हात वर करून दाढीत बोटं घातली आणि गालाचं कातडं चाचपलं, जसं आंधळा माणूस दुसऱ्याचं तोंड चाचपतो. मग म्हणाला, "चला तात्यानू, होडी भरली."

तो पाण्यात उतरला. पुतण्याची बायको, पोरं, सगळ्यांना त्याने हात दिला. मग मला दिला. हाताची पकड जशी सगळ्यांना होती तशीच मला होती, ना कमी ना जास्त. "पाय मदी ठेवा. कडेक नको," तो म्हणाला. मी बसलो. त्याने खांदा लावून होडी लोटली, ती पाण्यावर आली, इंजिन सुरू झालं.

पुतण्याची पोरगी मला पाण्यात काहीतरी दाखवत होती. मी मागे पाहिलं. उमाकांत कमरेएवढ्या पाण्यात उन्हाकडे पाठ करून उभा होता, आणि मागच्या होडीत चढणाऱ्या माणसांना पाय कुठे ठेवायचा ते सांगत होता.